‘वहिनी, हे तुमचंच का?’

मला आलेल्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी बाई छत्तिशीतली, सोलापूरचीच. यंदा एका दिवाळी अंकात तिचा लेख आला. लग्न झालेल्या बायकांच्या मनात एकटेपणी येणाऱ्या शरीरसुखाच्या इच्छा आणि कल्पना, ज्या त्या कुणालाच सांगत नाहीत, हा विषय. सात-आठ जणींशी बोलून तिने तो लिहिला होता. अंक आल्यावर नवऱ्याच्या मित्राने हसत विचारलं, ‘वहिनी, हे तुमचंच का?’ सासूबाईंनी अबोला धरला. चुलतसासरे म्हणाले, असल्या लिखाणावर केस होते. चार अनोळखी पुरुषांचे घाणेरडे मेसेज आले. वाचनालयात नेहमी भेटणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारलं, ‘लिहायची गरज काय होती?’ आणि अकरा बायकांनी फोन करून ‘बरं झालं लिहिलंत’ म्हटलं, पण त्यातली एकही चारचौघांत बोलली नाही. ती विचारते, ‘माझं चुकलं का? दुसरा लेख अर्धा झालाय. पुढे लिहू का थांबू?’

थांबू नका. मात्र तो लेख छापायला देण्याआधी एक काम करायचं आहे, ते पुढे सांगते.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. सोलापुरात 29 वर्षं दवाखाना चालवते. त्यातली 11 वर्षं एका साप्ताहिकात बायकांच्या पत्रांना उत्तरं देण्याचं सदर लिहिलं. म्हणजे तुमच्यासारखीच शिवी आणि आशीर्वाद दोन्ही एकाच टपालाने घेतलेत. त्या अनुभवावरून सांगते, अशा लिखाणावर पहिल्या पंधरा दिवसांत जे कानावर येतं ते बहुतेक वेळा न वाचलेल्यांचं असतं. ज्यांनी खरंच वाचलं त्यांना बोलायला वेळ लागतो.

माझ्या ओपीडीत हे रोज दिसतं. बाई येते, पांढरं जातंय म्हणते, कंबर दुखते म्हणते. तपासून होतं, चिठ्ठी लिहून होते. ती उठते, पदर सारखा करते, दाराच्या कडीवर हात ठेवते आणि मागे वळून न बघता म्हणते, ‘डॉक्टर, एक विचारू का?’ ज्यासाठी ती घरून निघालेली असते ते त्या कडीपाशी बाहेर येतं. मी आता शेवटच्या दोन मिनिटांसाठी वेळ राखूनच ठेवते. तुम्हाला आलेले ते अकरा फोन मला या कडीवरच्या हातांसारखे वाटतात. त्यांनी चारचौघांत तुमची बाजू घेतली नाही याचा राग धरू नका. त्यांच्यासाठी फोन लावणं हेच मोठं धाडस होतं.

एक प्रसंग सांगते, कारण तो माझ्या डोळ्यांसमोर घडला. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगार बायकांच्या आरोग्य तपासणीला गेले होते. दुपारची वेळ. पाच-सहा जणी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू. हजार विड्यांवर मजुरी, त्यामुळे बोटं थांबत नाहीत. त्यातली एक नववीपर्यंत शिकलेली. ती माझं सदर मोठ्याने वाचत होती आणि वाक्य झालं की तेलुगूत समजावून सांगत होती. तिच्या वाटणीच्या विड्या बाकीच्या वळून देत होत्या, असा त्यांचा ठरलेला व्यवहार. त्या आठवड्याचं पत्र एका बाईचं होतं. नवरा जवळ आला की ती डोळे मिटून दुसऱ्याच कुणाची तरी कल्पना करते, ज्याला तोंडच नाही असा कुणीतरी, आणि मग रात्रभर रडते, असं तिने लिहिलं होतं. वाचणारी थांबली. एकीने दोरा गुंडाळता गुंडाळता फक्त ‘हं’ म्हटलं. दुसरी म्हणाली, ‘रडायचं कशाला की?’ तिसरी हसली आणि हसताना तिच्या सुपातली तंबाखू सांडली. सगळ्यांत वयस्कर बाई बराच वेळ गप्प होती. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, ‘हे शहाण्या बायकांना पण होतं काय?’

शहाण्या म्हणजे शिकलेल्या. तिला आयुष्यभर वाटत होतं की असलं मनात येणं हे आपल्या अडाणीपणाचं, गरिबीचं लक्षण आहे. त्याच महिन्यात होटगी रोडच्या एका प्राध्यापिकेने मला नेमकं उलटं विचारलं होतं: एवढं शिकूनही माझ्या मनात असलं का येतं?

‘मला एकटीलाच’ हा समज तोडणं, हे तुमच्या लेखाचं खरं काम. अमेरिकेत नॅन्सी फ्रायडे या लेखिकेने 1973 साली बायकांच्या खाजगी कल्पना त्यांच्याच शब्दांत पुस्तकरूपाने छापल्या, तेव्हाही हेच झालं. वाचक बायकांची इतकी पत्रं आली की 1975 मध्ये त्या पत्रांचंच दुसरं पुस्तक झालं. कडाडून विरोधही झाला. पण ही पत्रं टीकाकारांना नव्हे, लेखिकेला आली, आणि बंद पाकिटातून आली.

आता तुमच्या नवऱ्याच्या मित्राच्या प्रश्नाकडे येते, कारण तुम्हाला सगळ्यांत जास्त तोच लागलाय असं तुमच्या पत्रावरून दिसतं.

शृंगाराचं आपल्याला वावडं कधीच नव्हतं. शाहीर राम जोशी आपल्या सोलापूरचे. बाईच्या तोंडी शृंगार घालणारी लावणी या मातीत शेकडो वर्षं गायली गेली, फेटे उडाले. पण लिहिणारा शाहीर पुरुष होता आणि समोर बसलेला रसिकही पुरुष. ‘शाहीरबुवा, हे तुमचंच का?’ असं कुणी विचारलं नाही. बाईने स्वतः ‘मी’ म्हटलं की मात्र वाचक लेख बाजूला ठेवतो आणि लेखिकेच्या घरात डोकावतो. 1933 साली विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. शिकलेल्या, बिनलग्नाच्या मुलींच्या मनातलं त्यात होतं. तेव्हा महाराष्ट्राने कथांइतकाच, किंबहुना जास्तच, ही बाई कोण याचा शोध घेतला. त्या मालतीबाई बेडेकर. पुढे त्या आपल्या सोलापूरच्या सेटलमेंटवर, म्हणजे इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीवर, अधिकारी म्हणून काम करून गेल्या. इतकं जवळचं उदाहरण आहे.

तेलुगूतही हेच. तंजावरच्या मराठा दरबारात, प्रतापसिंह भोसल्यांच्या काळात, मुद्दुपळनी नावाच्या कवयित्रीने ‘राधिका सांत्वनमु’ हे काव्य लिहिलं. त्यातली राधा आपली इच्छा उघड बोलते. 1910 मध्ये बंगळूर नागरत्नम्मांनी ते पुन्हा छापलं आणि त्यावर इंग्रज सरकारची बंदी आली. मोठमोठ्या विद्वानांचा आक्षेप असा की बाईने हे ऐकणंही बरं नाही, मग तिने म्हणावं कसं? नागरत्नम्मांनी विचारलं, पुरुष कवींच्या याहून उघड रचना चालतात, मग लाज फक्त बाईलाच का? विड्या वळणाऱ्या त्या बायकांना मी हे सांगितलं होतं. आपल्या भाषेत अशी एक कवयित्री होऊन गेली याचा त्यांना झालेला आनंद मला आजही दिसतो.

अभ्यासाच्या पुस्तकांचं वेगळं नाही. डॉ. आल्फ्रेड किन्से यांचा पुरुषांच्या लैंगिक जीवनावरचा ग्रंथ 1948 मध्ये अमेरिकेत आला, त्यावर वाद झाले पण तो धडाक्याने खपला. 1953 मध्ये 5,940 बायकांच्या मुलाखतींवरून त्यांनी बायकांवरचा ग्रंथ काढला आणि वादळ उठलं. पुढच्याच वर्षी, 1954 मध्ये, त्यांना मिळणारा रॉकफेलर फाउंडेशनचा निधी बंद झाला. संशोधक तोच, पद्धत तीच.

म्हणून त्या मित्राला उत्तर देऊ नका. ‘नाही, माझं नाही’ असंही म्हणू नका, कारण तसं म्हटलं की ज्या सात-आठ जणींनी तुमच्यावर विश्वास टाकला त्यांच्यावर तुम्ही बोट दाखवता. ‘लेखात जे आहे ते तुम्हाला पटलं का, तेवढं बोला,’ इतकंच पुरे. मी अकरा वर्षं हेच एक वाक्य वापरलं.

नवऱ्यांच्या प्रतिक्रियेबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मला त्यावर बोलायचंय. एकदा टॉवेलच्या कारखान्यातला एक जॉबर बायकोला बाहेर बाकावर बसवून आत आला. हातात साप्ताहिकाचा अंक. माझ्या उत्तरातल्या चार ओळींखाली बॉलपेनने रेघा मारलेल्या, इतक्या जोरात की कागद फाटला होता. म्हणाला, ‘मॅडम, ही असलं मनात आणते का, तेवढं तिला विचारून सांगा.’ माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता. त्याच्या हिशोबाने मनातला माणूस म्हणजे उद्या दारात येणारा माणूस. मी त्याला विचारलं, ‘तुम्ही सणाच्या दिवशी कारखान्याच्या मालकाला मनातल्या मनात चार शिव्या घालता ना? मग दुसऱ्या दिवशी जाऊन मारता का?’ तो हसला. मग मी विचारलं, ‘तिला काय आवडतं हे तिला कधी विचारलंत?’ तो बराच वेळ त्या फाटलेल्या कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, ‘ते विचारायचं असतंय होय?’

कल्पना आणि इरादा यांतला फरक पुरुषाला स्वतःच्या बाबतीत पक्का ठाऊक असतो. बायकोच्या बाबतीत तो विसरतो. तुमच्या पहिल्या लेखात हा फरक तुम्ही एका ओळीत उरकलाय. दुसऱ्यात त्याला नीट जागा द्या. रोजच्या आयुष्यातली उदाहरणं द्या. संसार सुखाचा असतानाही कल्पना येतात, नवऱ्यावर जीव असतानाही येतात, आणि बहुतेक बायकांना त्या खऱ्या व्हाव्यात असं मुळीच वाटत नसतं, हे स्पष्ट लिहा.

आणि याच धाग्यावरची सर्वांत नाजूक गोष्ट. तुम्ही लिहिलंय की एका बाईने तुम्हाला जबरदस्तीची कल्पना सांगितली आणि ती लिहावी की नाही हे तुम्हाला ठरवता येत नाही. माझ्याकडे अशा बायका येतात, आणि त्या सगळ्यांत जास्त खचलेल्या असतात. ‘मला तसं हवंय की काय’ या भीतीने त्यांची झोप उडालेली असते. हे विरळा नाही. अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 355 विद्यार्थिनींपैकी 62 टक्के जणींनी अशी कल्पना कधी ना कधी मनात आल्याचं सांगितलं. आकडा तिथल्या विद्यार्थिनींचा आहे, आपल्या विडी घरकुल वसाहतीतल्या बायकांना तो जसाच्या तसा लावू नये. कारणांबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. एक स्पष्टीकरण मला आपल्याकडे पटतं. ‘चांगल्या घरच्या बायका असलं मनात आणत नाहीत’ हे ऐकत वाढलेल्या मुलीला स्वतःची इच्छा स्वतःची म्हणायची भीती वाटते. कल्पनेत दुसऱ्याने जबरदस्ती केली की ‘मी मागितलं नव्हतं’ एवढी तरी सुटका तिला मिळते. पण त्याहून महत्त्वाचं हे, की कल्पनेत सगळी सूत्रं तिच्या हातात असतात. माणूस कोण, कुठवर जायचं, कधी थांबायचं, सगळं ती ठरवते. खऱ्या अत्याचारात नेमकी हीच सूत्रं तिच्या हातून हिसकावलेली असतात. दोन्हींना एकच शब्द वापरणं हाच मुळात घोळ आहे.

हे लिहायचं तर पूर्ण लिहा, नाहीतर अजिबात लिहू नका. अर्धवट लिहिलेली अशी एक ओळ ‘बायकांना तेच आवडतं’ म्हणणाऱ्या पुरुषाच्या हातात कोलीत देते. आणि जिच्यावर खरोखर अत्याचार झालाय तीही तुमची वाचक आहे, हे लक्षात ठेवून प्रत्येक शब्द तोला. आणखी एक बारकावा घाला: काही जणींना नकोसे, किळस आणणारे विचार दिवसभर घुसत राहतात, घाम फुटतो, हात धूत बसावंसं वाटतं. तो कल्पनेचा आनंद नव्हे, ते ओसीडीचं, म्हणजे मंत्रचळाच्या आजाराचं, लक्षण असू शकतं. त्यावर उपचार आहेत, मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लाजू नये.

आता त्या शिक्षिकाबाई. ‘गरज काय होती’ हा त्यांचा प्रश्न मी उडवून लावणार नाही, कारण हाच प्रश्न मला एकदा एका वाचक बाईने जरा वेगळ्या शब्दांत विचारला होता: ‘हे वाचून एखाद्या घरात बाईला मार बसला तर तुम्ही येणार का मधे पडायला?’ मला तेव्हा राग आला होता. वर्षभरात तिचं म्हणणं खरं ठरलं, आणि चूक माझी होती. सदरात एक पत्र छापताना मी नाव बदललं, गाव बदललं. पण ‘तीन मुलगे’ आणि ‘पाळणाघरात काम’ एवढं तसंच राहिलं. तिच्या दिराने ओळखलं. ती माझ्याकडे आली तेव्हा डावा कान सुजलेला होता आणि तिने मला एक अक्षर बोल लावला नाही. मी तिला नंतर समुपदेशन केंद्रात घेऊन गेले, नवऱ्याशी बोलले, जे जमलं ते केलं. पण ते पत्र परत घेता येत नव्हतं.

तेव्हापासून मी नाव बदलण्यावर भागवत नाही. वय, मुलांची संख्या, काम, वस्ती, माहेरची दिशा, बोलण्याची लकब, सगळं बदलते. दोघी-तिघींचं मिळून एक करते. आणि लिहून झालं की ते त्या बाईला वाचून दाखवते. बोलताना दिलेला होकार आणि छापील ऐकल्यानंतर दिलेला होकार वेगळे असतात. कितीतरी जणींनी ऐकल्यावर ‘एवढी ओळ काढा’ म्हटलंय, आणि ती ओळ बहुधा मला सगळ्यांत आवडलेली असायची. मी काढली. आपण दरवर्षी सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता टाकतो. सिद्धरामेश्वरांशी लग्न करायची इच्छा स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवणाऱ्या कुंभारकन्येची ती कथा. तिची इच्छा ऐकली गेली आणि सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी झालेल्या तिच्या लग्नाला सगळं गाव आजही हजर राहतं. ज्या गावात संमतीला एक कट्टा आहे, त्या गावात आपण दुसऱ्या बाईची गोष्ट तिला न विचारता छापू नये.

वर जे काम म्हटलं ते हेच. त्या सात-आठ जणींना दुसरा लेख आधी वाचून दाखवा. पहिला वाचून दाखवला होता का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर आता तरी त्यांची चौकशी करा, घरात सगळं ठीक आहे ना म्हणून.

चुलतसासऱ्यांच्या केसबद्दल थोडक्यात. भीती अगदीच बिनबुडाची नाही. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर 1934 साली खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरीही दंड झालाच. पण काळ पुढे आलाय. 1962 च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या कथेवर अश्लीलतेचा खटला थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि 1969 मध्ये कोर्टाने ती कथा अश्लील नाही असा निकाल दिला. 2014 च्या एका निकालात याच कोर्टाने म्हटलं की मजकूर तुकड्याने नव्हे तर पूर्ण संदर्भात आणि आजच्या समाजाच्या नजरेने बघायला हवा. तुमच्या लेखात वासना चाळवण्यासाठी लिहिलेली एकही ओळ मला सापडली नाही.

खरा गुन्हा त्या चार मेसेजवाल्यांनी केलाय. उत्तर देऊ नका. लगेच ब्लॉकही करू नका, आधी नंबर आणि तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या आणि नवऱ्याच्या किंवा बहिणीच्या फोनवर पाठवून ठेवा. भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळाला कलम 75, पाठलाग आणि पुन्हा पुन्हा संपर्क यांना 78, स्त्रीच्या विनयाचा अपमान करणाऱ्या शब्दांना 79 आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार देता येते, महिला हेल्पलाइन 181 आहे. ‘असलं लिहिल्यावर येणारच मेसेज’ असं ठाण्यात कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा की लेखाबद्दल तक्रार नाही, मेसेजबद्दल आहे. एकट्या जाऊ नका.

राहिल्या सासूबाई. त्यांच्या अबोल्याचा अर्थ लावायची घाई करू नका. त्यांनी लेख वाचलाय का, की कुणी कानात सांगितलंय? माझ्या अनुभवात साठीच्या बायका दोन कारणांनी गप्प होतात. एक, घराण्याचं नाव. दुसरं, लेखात त्यांना स्वतःचं काहीतरी सापडलेलं असतं आणि ते सुनेने लिहावं याचा ताप होतो. पाळी गेल्यानंतरही इच्छा टिकते, हे त्यांना आयुष्यात कुणी सांगितलेलं नसतं. माझ्याकडे बासष्ट वर्षांची एक बाई कोरडेपणाची तक्रार घेऊन आली होती आणि सोबत आलेल्या सुनेला तिने बाहेर पाठवलं होतं, ‘तू जा गं, माझं बीपीचं आहे’ म्हणून. त्यावर साधी मलमं मिळतात. तिने ती दोनदा विचारून घेतली. अंक घरात समोर राहू द्या, लपवू नका आणि पुढ्यातही सरकवू नका.

दुसऱ्या लेखाचा खर्डा घेऊन या. मंगळवारी दुपारी दोन ते चार मी ओपीडी ठेवत नाही. जबरदस्तीवरचा तो भाग आपण ओळीओळीने बघू, आणि ज्या बाईने तो सांगितलाय तिला यावंसं वाटलं तर तिलाही आणा.